पाण्याचा हिशेब घरापासून

(वाशी येथील कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाची संहिता)



वाशीसारख्या नगरात पाण्याच्या बचतीवर बोलणे हे काहीसे अवघड काम आहे. जेथे विहिरी आटल्या आहेत, जेथे टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते, तेथे पाणी जपून वापरा असे कोणी कोणाला सांगत नाही; तसे सांगणे त्या माणसांचा अपमान ठरेल. वाशीत तोटी फिरवली की पाणी येते. ज्या वस्तूसाठी श्रम पडत नाहीत तिचे मोल हळूहळू मनातून उतरते, हा मनुष्यस्वभावच आहे. त्यात वाशीकरांचा काही वेगळा दोष नाही.

जुन्या पिढीतील स्त्रीला पाणी लिटरमध्ये मोजता येत नव्हते, पण त्याचे वजन तिच्या मानेला आणि कमरेला ठाऊक होते. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढून आलेली बाई तांब्याभर पाणीसुद्धा अकारण सांडत नसे. कोकणातील घराची रचनाच पाहावी. न्हाणीघराच्या मोरीतून वाहिलेले पाणी पाटाने परसात जाई आणि तेथे अळू, कर्दळ, केळ तरारलेली असे. भांडी राखेने किंवा मातीने घासून दोन पाण्यांत विसळली जात आणि तेही पाणी नारळाच्या आळ्यात पडे. त्या घरात ‘पाण्याचा पुनर्वापर’ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. तरी पाणी दोनदा वापरल्यावाचून अंगणाबाहेर जात नव्हते.

आता हेच वजन वाशीच्या सदनिकेत मोजून पाहू. नगरांच्या पाणीपुरवठ्यासाठी आपल्या देशात दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार माणसांच्या कुटुंबाला रोज ५४० लिटर, म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक वजनाचे पाणी लागते. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर घरातील कोणाला तरी विहिरीवर रोज छत्तीस खेपा घालाव्या लागल्या असत्या. त्या खेपा आज पंप घालतो आणि त्याचे श्रम कोणाला दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

या खेपा सुरू होतात कोठून? सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नव्या नगराची उभारणी प्रथम वाशीतच सुरू झाली. त्यापूर्वी येथे आगरी-कोळी बांधवांची गावे होती. भातशेती, मिठागरे, मासेमारी आणि गावाच्या विहिरी-तलावांवर चालणारे जीवन होते. वाशीगावात जागृतेश्वराचे देऊळ आणि त्याच्या शेजारचा तलाव आजही आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्याच्या काठावर गोडे पाणी किती जपावे लागते, हे त्या जुन्या वस्तीला शिकवावे लागले नव्हते. नव्या नगराची तहान मात्र गावतलावांवर भागणारी नव्हती. १९९२ साली कारभार सुरू केलेल्या नवी मुंबई महानगरपालिकेने पुढे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून मोरबे धरण विकत घेतले. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील धावरी नदीवर हे धरण आहे. तेथील पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते आणि मोठ्या जलवाहिनीतून नवी मुंबईत येते. स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या महापालिका राज्यात मोजक्याच आहेत, आणि नवी मुंबईकर याचा अभिमान बाळगतात. तो रास्तही आहे.

परंतु अभिमानाबरोबर थोडे गणितही करावयास हवे. मोरबेच्या जलाशयाची क्षमता सुमारे १९० दशलक्ष घनमीटर आहे. भोकरपाड्याच्या केंद्राची क्षमता प्रतिदिन ४५० दशलक्ष लिटर. हे केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे १६४ दशलक्ष घनमीटर पाणी उचलले जाते. उन्हाने वाफ होऊन जाणारे पाणी वेगळेच. याचा सरळ अर्थ असा की, धरण काठोकाठ भरले तरी त्यातील साठा जवळजवळ एका वर्षाचाच आहे. दुसऱ्या वर्षासाठी गंगाजळी उरत नाही. एक पावसाळा दगा देऊन गेला, तर स्वतःचे धरण असलेले हे नगरही पुढच्या आषाढाची वाट पाहत बसेल.

शिवकालीन राज्यव्यवहाराचे सार सांगणाऱ्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडांच्या पाण्याविषयी जे लिहून ठेवले आहे, ते या ठिकाणी आठवते. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टाकी बांधावी, असे ते सांगतात. पण त्यांची खरी दूरदृष्टी पुढच्या सूचनेत आहे. गडावर जिवंत झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे क्षीण होतात. म्हणून राखीव पाण्याची दोन-चार टाकी वेगळी ठेवावी आणि त्यांतील पाणी खर्च होऊ देऊ नये. भरभरून वाहणाऱ्या झऱ्याच्या शेजारी उभे राहून टंचाईचा विचार करणारे हे राज्यकर्ते होते. भरलेल्या मोरबेच्या भरवशावर निश्चिंत झालेल्या नगराला यापेक्षा नेमका सल्ला कोणता देता येईल?

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे, आणि ती पैशांची नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकर समाजाची ती वस्ती गाडली गेली. वाशीतील पुष्कळ घरांना त्या वाडीचे नाव त्या दिवशी प्रथमच कळले. त्याच डोंगरावरून खाली पाहिले की मोरबेचा जलाशय पसरलेला दिसतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी आले. वाशीच्या तोटीतील पाणी या वनवासी बांधवांच्या अंगणाखालून येते. खालापूर आणि कर्जतच्या डोंगरांतील कित्येक वाड्यांत आजही चैत्र-वैशाखात टंचाई असते आणि तेथील भगिनी तळाशी गेलेल्या विहिरीतून किंवा डवऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी कित्येक वर्षे आंदोलने करावी लागली. महापालिकेने धरण विकत घेतले हे खरे. पण त्या खोऱ्यातील माणसांचे ऋण कोणत्याही खरेदीखताने फिटत नाही. वाशीच्या घरात सांडलेले पाणी वाचवले म्हणून ते आपोआप ठाकरवाडीत पोहोचत नाही, हेही स्वच्छपणे सांगितले पाहिजे. त्यासाठी शासनाला स्वतंत्र योजनाच कराव्या लागतील. पण ज्याच्या दारावरून पाणी येते तो तहानलेला असताना ते गटारात सोडणे हे गृहस्थाश्रमाच्या कोणत्या व्याख्येत बसते?

मराठवाड्याचे उदाहरण अजून विस्मरणात गेलेले नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी भरून निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. लातूर शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. म्हणजे एवढा खटाटोप करून माणशी दीड लिटरसुद्धा पाणी आले नव्हते. पुढे पन्नास टाक्यांच्या गाडीतून एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर येऊ लागले, तेव्हा हा वाटा साडेसहा लिटरपर्यंत गेला. वाशीच्या घरात जुन्या फ्लशची साखळी एकदा ओढली की याहून अधिक पाणी जाते.

आणि येथेच घरातील हिशेबाला हात घालावा लागतो. वर सांगितलेल्या १३५ लिटरची सर्वमान्य विभागणी अशी आहे : पिण्यास ५, स्वयंपाकास ५, भांड्यांना १०, घर धुण्यापुसण्यास १०, कपड्यांना २०, शौचालयाच्या फ्लशला ३० आणि स्नानास ५५. पोटात जाणारे आणि अन्नात जाणारे पाणी मिळून अवघे १० लिटर होते. म्हणजे बचतीला वाव आहे तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही, न्हाणीघरात आणि शौचालयात आहे. पाणी वाचवा म्हटले की सगळ्यांची नजर गृहिणीकडे वळते, हे म्हणूनच अन्यायाचे आहे. ती बहुतेक वेळा आधीच काटकसर करीत असते. सोसायटीच्या आवारात नळाची नळी लावून रविवारी सकाळी गाडीला तासभर अभ्यंगस्नान घालणारे हात निराळेच असतात.

फ्लशचेच पाहा. जुन्या पद्धतीच्या टाकीत साधारण दहा लिटर पाणी मावते. चौघांच्या कुटुंबात दिवसाकाठी वीस वेळा ती रिकामी होते असे धरले, तर २०० लिटर पाणी केवळ तेथे जाते. नव्या दुहेरी बटणाच्या टाक्या तीन किंवा सहा लिटरमध्ये तेच काम करतात. टाकी बदलणे परवडत नसेल, तर पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली एक लिटरची बाटली आत उभी करून ठेवावी. दरवेळी एक लिटर वाचते, महिन्याला ६०० लिटर. वीट मात्र ठेवू नये. ती विरघळून तिची माती झडपेत अडकते आणि वाचवलेल्याच्या दुप्पट पाणी गळू लागते. कपडे यंत्रात धुतले जात असतील, तर शेवटच्या विसळणीचे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा शौचालयात वापरता येते. त्याला एका नळीखेरीज काही लागत नाही.

गळती ओळखण्याचा उपायही घरातलाच आहे. फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकावेत आणि पाव तास कोणी फ्लश वापरू नये. खालच्या भांड्यात निळे पाणी दिसू लागले, तर आतली झडप गळते आहे. ही गळती आवाज करीत नाही, ओल दाखवीत नाही, आणि म्हणून महिनोन्महिने चालू राहते. ठिबकणारा नळ निदान दिसतो तरी. सेकंदाला एक थेंब पडणाऱ्या तोटीतून दिवसाला ८६,४०० थेंब जातात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सव्वाचार लिटरहून थोडे अधिक, आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक. थेंब मोठा असला तर त्याहून जास्त. उपाय काय, तर काही रुपयांचा वायसर!

मीरा रोडला राहणारे ज्येष्ठ लेखक-चित्रकार आबिद सुरती यांनी नेमके हेच काम हाती घेतले. ‘धर्मयुग’मधील त्यांच्या ढब्बूजी या व्यंगचित्रमालेने एका पिढीला हसवले होते. २००७ पासून दर रविवारी एक प्लंबर सोबत घेऊन ते इमारतीतील दारे ठोठावू लागले आणि लोकांच्या गळक्या तोट्या विनामूल्य दुरुस्त करून देऊ लागले. घरोघरी प्लंबर नेणे एवढेच त्या कामाचे स्वरूप. त्यासाठी ना मोठा निधी लागला, ना मोर्चा. वाशीच्या प्रत्येक सेक्टरात निवृत्त, कर्ते, वेळ असलेले गृहस्थ आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी मनावर घेतले, तर एका सोसायटीचे काम चार रविवारांत होईल.

काही सवयी मात्र वायसर बदलून जात नाहीत. पुष्कळ घरांत सकाळी नळाला पाणी आले की आदल्या दिवशीचे पिण्याचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते आणि हंडा, पिंप, माठ नव्याने भरले जातात. मोरबेच्या जलाशयात आषाढ-श्रावणात साठलेले पाणी वैशाखात प्यायले जाते. दहा महिने धरणात राहिलेले पाणी ताजे, आणि झाकून ठेवलेल्या पिंपात एक रात्र काढलेले पाणी शिळे, हे कोणत्या शास्त्रात बसते? शास्त्राचेच म्हणाल, तर आचमनाला उडदाचा दाणा बुडेल इतकेच पाणी तळहातावर घ्यावे, असे ते सांगते. अमरकोशाने पाण्याच्या नावांत ‘जीवन’ हा शब्द दिला आहे. पळीने पाणी मोजणारी ही परंपरा उधळपट्टीला आधार देत नाही. पाहुण्यासमोर पेला काठोकाठ भरून ठेवायचा, त्याने दोन घोट घ्यायचे आणि उरलेले बेसिनमध्ये ओतायचे, ही रीतही अलीकडचीच. पूर्वी तांब्या-भांडे ठेवीत; ज्याला जितके हवे तितके तो ओतून घेई आणि तांब्यातले पाणी स्वच्छ राही.

दरवर्षी होळी-रंगपंचमी जवळ आली की पाणी वाचवण्याचे उपदेश सुरू होतात. वर्षातील एका दिवशी मुलांच्या पिचकारीवर बोट ठेवायचे आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गळक्या टाक्यांविषयी मौन पाळायचे, हा दुटप्पीपणा हिंदू समाजाच्या लक्षात येत नाही असे नाही. त्याचबरोबर टँकर मागवून, ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात कृत्रिम पावसाखाली नाचण्याला परंपरेचे नाव देण्याचेही कारण नाही. पळसाच्या फुलांचा रंग तांब्याभर पाण्यात होत असे.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांविषयीही दोन शब्द. जाहिरातींमुळे घरोघरी ‘आरओ’ यंत्रे बसली. ती एक लिटर पाणी देताना त्याहून कितीतरी अधिक पाणी बाहेर टाकतात. जुनी यंत्रे तर तिप्पट. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे ही यंत्रे वापरण्यास मनाई करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिला होता. सह्याद्रीच्या पावसाचे पाणी मूळचेच मृदू. त्यासाठी साधा गाळणीचा आणि अतिनील किरणांचा शुद्धक पुरतो. यंत्र आधीच घेतलेले असेल, तर त्याची बाहेर पडणारी नळी बादलीत सोडावी.

पर्जन्यजल साठवण्याचा विषय वाशीत थोडा वेगळा आहे. या भागात एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्यातून सुमारे ६ लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी पावणेपाच लाखांहून अधिक हाती लागते. पण खाडीकाठच्या सखल, भराव घातलेल्या जमिनीत शोषखड्डा खणून ते मुरवण्याचा उपयोग सर्वत्र सारखा होत नाही. खालचे पाणी उथळ असते आणि पुष्कळदा मचूळही. दुसऱ्या गावाचा नमुना डोळे मिटून उचलण्यापेक्षा गच्चीचे पाणी गाळून टाकीत धरावे आणि पावसाळ्याचे चार महिने फ्लश, जिने आणि बागेसाठी वापरावे, हे अनेक सोसायट्यांना अधिक सोयीचे ठरेल.

राहिला प्रश्न मीटरचा, आणि खरी मेख तेथेच आहे. बहुतेक सोसायट्यांत संपूर्ण इमारतीला एकच जोडणी आणि एकच मीटर असतो. देयक सर्व सदनिकांत सारखे वाटले जाते. बादलीने स्नान करणारे वृद्ध दांपत्य आणि तासभर शॉवर सोडणारे घर एकच रक्कम भरते. कोणाला आपला वापर कळत नाही, म्हणून कोणाला लाजही वाटत नाही. जेथे प्रत्येक घराला वेगळा मीटर बसवणे शक्य आहे तेथे ते करावेच. इमारतींची पुनर्बांधणी होत असेल, तर नळजोडणीचा आराखडा करतानाच हा आग्रह धरावा. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनांत पर्यावरण आणि नागरी कर्तव्य हे दोन्ही विषय आहेत. सोसायटीच्या वार्षिक सभेत या एका ठरावासाठी हात वर करणे, हे त्या दोहोंचे अगदी साधे रूप होईल.

तोपर्यंत एक चाचणी प्रत्येक सोसायटीला फुकटात करता येते. एखाद्या शनिवारी रात्री बारा वाजता गच्चीवरील टाकी भरून पंप बंद करावा आणि टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करावी. पहाटे चार वाजता पुन्हा पाहावे. टाकी तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असेल आणि पाणी पाच सेंटिमीटर उतरले असेल, तर त्या चार तासांत ३०० लिटर गेले. एखाद-दुसऱ्या घरातील रात्रीचा वापर त्यातून वजा करावा. उरलेले सर्व पाणी बंद दारांआड, झोपलेल्या माणसांच्या घरांतून, गळक्या झडपांवाटे निघून गेलेले आहे. याच वेगाने ते दिवसरात्र जात राहिले, तर दिवसाला १,८०० आणि महिन्याला ५४,००० लिटर होते. म्हणजे चौघांच्या एका कुटुंबाला शंभर दिवस पुरेल इतके. हा आकडा सोसायटीच्या सूचना-फलकावर लिहावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निळीची बाटली आणि प्लंबर घेऊन तळमजल्याच्या पहिल्या दारापासून सुरुवात करावी.